घाटाच्या पायऱ्या आणि हैबतीच्या लाह्या

एका नदीला एक घाट होता, आणि त्या घाटाच्या डोक्यावर एक गाव. गावापेक्षा घाट भारी, हे गावातले लोकही मान्य करायचे. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या वरून सुरू व्हायच्या, आणि पाण्यापाशी येऊनही थांबायच्या नाहीत, आत उतरतच जायच्या. आंघोळ, धुणं, भांडी, पाणी भरणं, भांडणं, लग्नं जुळवणं, सगळं तिथेच चालायचं.

घाटापाशी डोह होता आणि डोहात मासे होते. आता माशांकडे काही घड्याळ नसतं, पण त्यांच्या शिफ्ट एकदम फिक्स होत्या. सकाळी पायऱ्यांवर ऊन पडलं की मळ्ये यायचे. मळ्या म्हणजे बोटाएवढा काळपट मासा. त्याचं तोंड पुढे नसतं, खालच्या बाजूला असतं. तो दगडाला ओठ लावून चिकटून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. एक पायरी झाली की दुसरी, दुसरी झाली की परत पहिली. ऊन असेपर्यंत हेच काम.

ऊन उतरलं की मळ्ये दगडांच्या फटीत शिरायचे, कारण मग मरळीची वेळ सुरू व्हायची. मरळ लांब, जाडजूड, काठच्या गवतात दबा धरून बसणारी. संधिप्रकाशात जो उघड्यावर दिसेल तो तिचा. आणि पूर्ण अंधार पडला की तळातून शिंगाळा निघायचा. मिशा फिरवत फिरवत, दिवसभरात खाली जे काय पडलं असेल ते गिळत जायचा. कुणी कुणाच्या वेळेत लुडबुड करत नव्हतं.

गावाचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. गावाला इतकंच माहीत होतं, की आपल्या घाटाच्या पायऱ्या कधी निसरड्या होत नाहीत. का होत नाहीत, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. जो घसरत नाही त्याला तो पडतही नाही.

तर या घाटाच्या वरच्या टोकाला हैबती भडभुंजा बसायचा. भडभुंजा म्हणजे धान्य भाजणारा. त्याची मातीची भट्टी होती. कढईत वाळू तापवायची, तापल्या वाळूत ज्वारी नाहीतर हरभरे टाकायचे, फुलले की चाळणीने वाळू खाली आणि माल वर. हैबतीच्या लाह्या फार छान फुलायच्या. स्वभाव म्हणाल तर तोही लाहीसारखाच होता, थोडी ऊब मिळाली की फुलून यायचा.

एका सकाळी त्याच्याकडे आदल्या दिवसाच्या मऊ पडलेल्या लाह्या उरल्या. कोण घेणार? त्याने त्या पाण्यात फेकल्या. आणि बघतो तर काय, मळ्ये दगड सोडून वर आले. आधी थोडे, मग बरेच, मग पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसायला लागलं. आंघोळीला आलेले लोक बघत उभे राहिले. त्यात गावचे पाटील पण होते.

पाटील म्हणाले, "काय रे हैबती, हे काय नवीन?"

आता इथे सरळ उत्तर होतं. मऊ पडल्या म्हणून टाकल्या. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि हैबतीकडे एवढी माणसं एका वेळी कधीच बघत नसत.

तो म्हणाला, "नवीन कुठलं, पाटील. जुनंच आहे. आमचे आजोबा सांगायचे, या घाटावर माशांना लाह्या टाकल्या की मनातलं होतं."

आजोबांनी असं काही सांगितलं नव्हतं. आजोबा जन्मभर फक्त घोरत आले होते.

पाटलांची म्हैस तेव्हा हरवलेली होती. त्यांनी मूठभर लाह्या विकत घेतल्या आणि पाण्यात टाकल्या. संध्याकाळी म्हैस घरी आली. झालं. दुसऱ्या दिवशी भट्टीपुढे रांग.

मग तर विचारूच नका. कुणी मुलाच्या लग्नासाठी टाकतंय, कुणी सासूची कुरकुर थांबावी म्हणून टाकतंय. एक बाई तर शेजारणीचं वाईट व्हावं म्हणून टाकत होती, फक्त ती तोंडाने म्हणत नव्हती. सकाळी आंघोळीच्या वेळी लाह्या, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी लाह्या. हैबतीने दुसरी भट्टी घातली. त्याची बायको गिरजा दिवसभर चाळणी हलवून हलवून खांदे चोळायची.

आणि खाली डोहात सगळ्या शिफ्टचा बोऱ्या वाजला. मळ्ये उजाडल्यापासून वर तोंडं काढून थांबायला लागले. सकाळी पोट टम्म. मग दुपारभर पायरीच्या सावलीत नुसते तरंगत पडायचे. दगडाला ओठ लावायची गरजच काय? संध्याकाळी पुन्हा लाह्या, म्हणून पुन्हा वर. पण ती तर मरळीची वेळ. मरळीला आता दबा धरायचेही कष्ट नव्हते. ती आरामात यायची, गर्दीतला एक उचलायची, परत जायची. रात्री तळाशी बुडालेल्या लाह्या शिंगाळा खायचा. तो इतका सुटला की त्याला वळताना त्रास व्हायला लागला.

आणि पायऱ्यांवर शेवाळ चढलं.

आधी पाण्याखालच्या पायऱ्यांवर हिरवी साय आली. मग ती जाड झाली. मग पाण्यालगतच्या पायरीवर आली. पाय ठेवला की सर्रकन सुटायचा. कुणाचा हंडा गेला, कुणाचं धुणं वाहून गेलं. एका सकाळी केसरआजी घसरली. आजी गावातली सगळ्यात जुनी, सत्तर वर्षं त्याच पायरीवर उतरलेली. मनगट मोडलं.

गाव पारावर जमलं. पाटील म्हणाले, "आजवर या घाटावर कुणी घसरलं नव्हतं. काहीतरी चुकतंय आपलं."

एकजण म्हणाला, "मासे रागावले असतील."

"कशावर?"

"लाह्या कमी पडत असतील. मासे वाढलेत, आपण तेवढ्याच टाकतोय."

हे सगळ्यांना पटलं. केसरआजी गळ्यात हात बांधून बसली होती. ती म्हणाली, "मी त्या दिवशी आधी पाण्यात गेले आणि लाह्या नंतर टाकणार होते. मला वाटलंच होतं."

ठरलं, की आता प्रत्येक घरातून रोज सूपभर लाह्या. सगळ्यांनी हैबतीकडे पाहिलं. हैबतीने मान डोलावली. तिसरी भट्टी घालायला जागा कुठे आहे, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

सूपभर लाह्या सुरू झाल्या. शेवाळ आणखी वाढलं. आणखी माणसं घसरली. मग लाह्या आणखी वाढवल्या.

अशात हैबतीची मुलगी तुळसा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. त्या गावात एक रीत होती. पहिलटकरणीला सातवा महिना लागला, की तिने घाट उतरून पाण्यातल्या पायरीवर उभं राहायचं आणि नदीची ओटी भरायची. एकटीने उतरायचं, कुणी हात धरायचा नाही. ज्या बाया त्या गावात आया झाल्या होत्या, त्या सगळ्या त्या पायरीवर उभ्या राहिल्या होत्या. तुळसाला लहानपणापासून याचं भारी वेड. माहेरी आली तेव्हा गाठोडं सोडायच्या आधी तिने विचारलं, "आई, हिरवं लुगडं काढून ठेवलंयस ना ओटीचं?"

गिरजा हो म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा भट्टीत काटक्या सारत होता.

त्याच आठवड्यात हैबतीची वाळू संपली. भाजून भाजून वाळू काळी पडते, मग तिचा वास मालाला लागतो. चांगली बारीक वाळू नदीच्या वरच्या अंगाला, वळणापलीकडे मिळायची. एरवी तो वर्षातून एकदा जायचा, पण आता भट्ट्या वाढल्या होत्या. टोपली घेऊन तो गेला. तिथे ना घाट ना माणसं. उथळ पाणी आणि मोठमोठे दगड. वाळू भरून झाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पाय धुवायला तो एका दगडावर चढला, आणि चढल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बेधडक चढलो. पाय सरकला नाही.

त्याने वाकून बघितलं. दगड काळाभोर, स्वच्छ. पाण्याखालच्या भागाला मळ्ये चिकटले होते. ओठ लावून, शेपट्या हलवत, पुढे पुढे सरकत होते. जिथून सरकत होते तिथे दगडावर पुसल्यासारखा पट्टा उमटत होता.

हैबती बराच वेळ तिथे उकिडवा बसला. मग टोपली तिथेच ठेवून घरी आला.

गिरजा चाळत होती. तो म्हणाला, "अगं, आपल्या घाटावरचे मासे शेवाळ खायचे का गं आधी?"

"खायचे की. मी भांडी घासायला बसले की माझ्या टाचा पण खायचे. गुदगुल्या व्हायच्या."

"मग आता?"

"आता तुमच्या लाह्या खातात," गिरजा म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिचा चाळणीवरचा हात थांबला.

आत तुळसा गुणगुणत होती.

गिरजा म्हणाली, "पारावर जा आणि सांगा."

"काय सांगू? आजोबांचं नाव घेऊन थाप मारली म्हणून? भट्ट्या विझतील. केसरआजी उरलेल्या हाताने मारेल मला."

"मग?"

हैबती दुसऱ्या दिवशी पहाटे नारळाच्या शेंड्या आणि राख घेऊन घाटावर गेला. पाण्यात कमरेपर्यंत उतरून पायऱ्या घासल्या. दोनदा स्वतःच आपटला. पायऱ्या लखलखीत झाल्या. पण सकाळी लाह्या पडल्या, मळ्ये वर गेले, वरून स्वच्छ ऊन. आठवडा व्हायच्या आत साय परत आली.

मग त्याला दुसरी युक्ती सुचली. तो खूश होऊन गिरजाला म्हणाला, "मी सांगतो, आजोबा स्वप्नात आले. म्हणाले, माशांचं पोट भरलं, आता बंद करा. लोक ऐकतील. आपलं नाव पण राहील."

गिरजा म्हणाली, "लगेच ऐकतील. आणि उद्या दुसऱ्या कुणाचे आजोबा स्वप्नात येऊन चालू करा म्हणाले, तर काय करायचं?"

हैबती भट्टीतली राख उकरायला लागला.

"अहो, थाप घेऊन थाप निघत नाही हो. काळ्या वाळूत काळी वाळू घातल्यासारखं आहे ते. सगळी ओतून टाकावी लागते."

इथे हैबती सुटू शकला असता. लोक त्याचं ऐकायला तयार होते. एक स्वप्न सांगायचा अवकाश होता. आत तुळसा आरशापुढे उभी राहून हिरवं लुगडं अंगाला लावून बघत होती. तो उठला आणि पारावर गेला.

त्याने सगळं सांगितलं. मऊ लाह्यांपासून वळणापलीकडच्या दगडापर्यंत. सांगताना फुलवून नाही सांगितलं, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

मग पाटील म्हणाले, "आणि माझी म्हैस?"

"म्हैस भूक लागली म्हणून आली, पाटील. गोठा तिला माहीत होता."

पाटलांना हे लागलं. लोकांसमोर आपण म्हशीएवढेही हुशार ठरलो नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "तेव्हा खोटं बोलत होतास की आत्ता बोलतोयस, हे आम्ही कसं ओळखायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "जास्त पैसा झाला की माणसाचं असंच होतं." दुसरा म्हणाला, "माशांवर उलटलाय. आता बघा याचं काय होतं ते." केसरआजीने मारलं नाही. ती फक्त म्हणाली, "माझं मनगट तुझ्यामुळे, होय रे?" ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

गंमत बघा. थाप एका वाक्यात पटली होती. खरं मात्र सगळं सांगूनही पटेना.

हैबती म्हणाला, "नका विश्वास ठेवू. फक्त माझ्या तुळसाची ओटी होईपर्यंत लाह्या टाकू नका. माझीच पोर उतरणार आहे. मासे रागावले तर नुकसान माझंच."

पाटील म्हणाले, "ठीक. ओटीपर्यंत. पुढचं पुढे."

भट्ट्या विझल्या. हैबती रोज सकाळ-संध्याकाळ घाटाच्या वरच्या पायरीवर बसायचा, कुणी लाह्या टाकू नये म्हणून. आणि खरा त्रास तर तेव्हा सुरू झाला. मळ्ये उजाडताच वर यायचे. सगळी तोंडं पाण्याबाहेर, उघडी. वाट बघायचे. ऊन चढायचं, तरी तिथेच.

बाया जाता येता म्हणायच्या, "उपाशी मारतोय मेला." एकीने पदराखालून लाह्या आणल्या. हैबतीने हात जोडले. ती म्हणाली, "तुला काळीज नाही का रे?" त्यालाही रोज वाटायचं, एक मूठ टाकावी. एका मुठीने काय होतंय?

एकदा तर त्याने मूठ भरलीही. मग ती बराच वेळ तशीच धरून बसला, आणि शेवटी स्वतःच खाल्ली.

दिवस जात होते. मळ्ये रोडावलेले दिसायला लागले, पण दगडाकडे वळेनात. वरून काहीतरी पडेल या आशेवरच होते. तुळसाला सातवा लागला. गिरजा रोज संध्याकाळी विचारायची, "काय?" हैबती मान हलवायचा.

आणि मग एका सकाळी त्याला खालच्या पायरीवर काहीतरी हलताना दिसलं. वळणापलीकडून छोटी छोटी पिल्लं वाहत आली होती. नखाएवढी. त्यांनी जन्मात कधी लाही बघितली नव्हती. वर तोंड काढून थांबायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ती सरळ पायरीला चिकटली आणि ओठ लावून कामाला लागली. शेवाळ भरपूर होतं. पिल्लांची मजा होती.

दुसऱ्या दिवशी एक मोठा मळ्या वरून खाली आला. पिल्लांच्या शेजारी दगडाला चिकटला. मग आणखी एक. हैबती वाकून बघत होता. त्याने कुणाला सांगितलं नाही. आता त्याला बढाई मारायची भीती वाटायची.

ओटीच्या दिवशी सगळा गाव घाटावर. पाटील पण आले, पण लांब उभे राहिले. केसरआजीला दोघींनी धरून आणलं. पाण्यात वर एकही तोंड दिसत नव्हतं. लोक कुजबुजले, "गेले वाटतं मासे सोडून."

तुळसा हिरवं लुगडं नेसून उतरायला लागली. ओटीचं ताट हातात, म्हणजे आधाराला हात नाही. एक पायरी, दुसरी. गिरजाने डोळे मिटले. हैबतीने मिटले नाहीत. तुळसाचा पाय पाण्यात गेला. दुसराही गेला. ती ओटीच्या पायरीवर उभी राहिली. तिने खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले, वाकून नमस्कार केला, आणि सरळ होता होता एकदम थरथरली.

घाटावरचे सगळे पुढे सरकले.

"काय गं?" हैबती ओरडला.

तुळसाला हसू आवरत नव्हतं. "आबा, हे मेले टाचा खातायत माझ्या."

डोळे न उघडताच गिरजा खाली बसली. केसरआजी म्हणाली, "मला पण न्या रे कुणीतरी खाली. माझ्या टाचा किती दिवस झाले कुणी खाल्ल्या नाहीत."

ओटीच्या आनंदाखातर हैबतीने त्या दिवशी एक भट्टी पेटवली होती आणि सगळ्यांना मूठ मूठ लाह्या वाटल्या होत्या. पाटलांच्या हातातही होत्या. सवयीने त्यांचा हात पाण्याकडे वळला. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळं गाव आपल्या हाताकडे बघतंय. त्यांनी हात तसाच वळवला आणि लाह्या तोंडात टाकल्या.

चावून झाल्यावर म्हणाले, "कुरकुरीत आहेत रे. एवढे दिवस आम्ही फुकट माशांना घातल्या."

तात्पर्य: ज्याचं काम त्याला करू द्यावं, आणि आपल्या थापेने ते बिघडलं असेल, तर दुसरी थाप न मारता खरं सांगावं आणि ते सुधारेपर्यंत लोकांची बोलणी खात तिथेच उभं राहावं.